शेवटच्या गाण्यातला डोळा

“डावा बघा, मॅडम. फक्त डावा.”

धैर्यशील जगदाळे माझ्या तपासणीच्या खुर्चीत बसला होता, पण डोळे तपासून घ्यायला आला नव्हता. त्यानं फोन माझ्यासमोर धरला होता. पडद्यावर जांभळ्या दिव्यांत, धुरात उभी राहून एक मुलगी गात होती. गाता गाता तिनं तळहातानं डावा डोळा झाकला, हनुवटी उंचावली आणि तशीच पुढची ओळ म्हटली.

“ही आपली तेजल ना? सदाशिव आवळ्यांची?”

“तीच. थांबा, अजून आहे.”

तेजलला न ओळखणारं माणूस तेव्हा कवठेमहांकाळात नव्हतं. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. मुलगी एकोणिसाव्या वर्षी स्वतःची गाणी स्वतः बांधून, मागे चार नाचणाऱ्या मुली घेऊन, गणपती-नवरात्रात तालुकाभर कार्यक्रम करत होती. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली, पण त्या दिवाळीच्या आधी तिची गाणी गावातल्या प्रत्येक रिक्षात वाजत होती हे मला चांगलं आठवतं. आणि मग ती एकाएकी बंद झाली, हेही.

बंद झाली ती धैर्यशीलमुळे. तो दहावीच्या मुलांना गणित शिकवायचा, स्वतःचे क्लासेस होते. शिवाय ‘आतली खूण’ नावाचं त्याचं एक चॅनेल होतं. जगातले मोठे पॉप गायक एका गुप्त संघटनेच्या ताब्यात आहेत, स्टेजवर ते नाचत नाहीत तर विधी करतात, हे तो त्यावर समजावून सांगायचा. कधी आवाज चढवायचा नाही. प्रमेय सिद्ध करावं तसा एकेक मुद्दा मांडायचा. म्हणूनच लोकांना पटायचं.

“हे बघा. दोन्ही हात गालांना, अंगठे हनुवटीखाली. त्रिकोण झाला की नाही? हा चेहरा बघा. हसतेय असं वाटतं, पण नुसता वरचा ओठ उचलला जातो, दात दिसतात. हे हसू नाही. आणि आता ऐका.” त्यानं आवाज वाढवला. शेवटचं कडवं होतं. तेजलचा स्वच्छ आवाज नाकात गेल्यासारखा, घोगरा येत होता. “हा तिचा आवाज आहे? तुम्हीच सांगा. दुसरंच कुणीतरी बोलतंय.”

“माझ्याकडून काय हवंय?”

“तुम्ही डोळ्यांचं शिकलेल्या. दोन डोळे सारखे नाहीत, एवढंच कॅमेऱ्यासमोर म्हणा. बाकीचं मी म्हणतो.”

मी फोन हातात घेतला आणि तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मग तिसऱ्यांदा लावला. धैर्यशील खूश होऊन बघत होता.

“पहिल्या गाण्यात ती डोळा झाकत नाही,” मी म्हटलं.

“कशी झाकेल? विधी शेवटी पूर्ण होतो.”

“दरवेळी शेवटीच?”

“दरवेळी. सगळे कार्यक्रम तपासलेत मी. पहिली दोन-तीन गाणी एकदम नॉर्मल. मग हळूहळू सुरू होतं.”

“आणि मध्ये विश्रांती झाली तर?”

असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. “मध्यंतरानंतर... हो, मध्यंतरानंतर पुन्हा नॉर्मल असते. थोडा वेळ. का?”

“ती आता कुठे आहे?”

“घरी. आज नेतायत तिला. दिवाळीची अमावस्या आहे.” त्यानं फोन परत घेतला. “डोंगरावर देवर्षी आहे एक, भूत उतरवणारा. वडिलांनी ठरवलंय. माझा तिच्यावरचा व्हिडिओ बघितला ना त्यांनी.”

“तिथं काय करतात?”

“मला काय माहीत? मी बुवाबाजीच्या विरोधात आहे, मॅडम.” हे त्यानं अगदी मनापासून सांगितलं. मग नजर चुकवून म्हणाला, “कोंडून ठेवतात म्हणे. अन्नपाणी बंद. मिरचीची धुरी देतात.”

मी चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढलं. “गाडी आणलीय ना? चला. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही.”

शेजारच्या रसवंतीतून मी बर्फाचा तुकडा मागून घेतला आणि नॅपकिनमध्ये गुंडाळला.

“बर्फ कशाला?”

“डोळ्यासाठी,” मी म्हटलं. त्यापेक्षा जास्त सांगण्याइतकी माझी मलाही खात्री नव्हती. मी डॉक्टर नाही. ऑप्टोमेट्री शिकले, दोन वर्षं पुण्यात एका इस्पितळाच्या नेत्र विभागात काढली आणि गावात येऊन दुकान टाकलं. मला वाटत होतं तसा रुग्ण त्या दोन वर्षांत मी एकदाच बघितला होता.

आवळ्यांच्या बोळाच्या तोंडाशी जीप उभी होती. मागच्या सीटवर नारळ, लिंबं आणि एक घोंगडं. घरासमोर दहाबारा बाया-माणसं जमली होती. दारात कपाळभर कुंकू लावलेला एक धिप्पाड माणूस उभा होता. देवर्षीनं न्यायला पाठवलेला. सगळे त्याला गुंडाप्पा म्हणत होते.

सदाशिव आवळे पुढे आले. त्यांचा चष्मा माझ्याकडचाच होता. “म्याडम, तुमी? आन् सर तुमीबी?” धैर्यशीलला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला राग म्हणता येईना. वैद्याकडं बघावं तसे ते त्याच्याकडं बघत होते. “सर, बघा की. वाढलंय. तुमी दावलं तसंच हुतंय सगळं.”

आत तेजल खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. डाव्या डोळ्याची पापणी जवळजवळ मिटलेली, उजवी अर्ध्यावर. समोरचं दिसावं म्हणून तिनं मान मागं टाकली होती. एका हातानं हनुवटी धरलेली. ती मला ओळखून हसली आणि नुसता वरचा ओठ उचलला गेला, दात दिसले. बायकांतली एक जण मागं सरकली.

“सकाळी कशी फुलावानी असती, बाई,” तेजलची आत्या म्हणाली. कलावती नाव त्यांचं. “दिवस कलला की उतरतं अंगात. मान टाकती. बोलती ती नाकातनं.”

“जेवते का?”

“कुठलं? भाकरी चावून चावून दमती. आन् दूध पाजलं तर नाकावाटं भाईर. आतलं घिऊ देत न्हाय तिला.”

इतका वेळ मी पापणीचा विचार करत होते. दूध नाकातून येतंय हे ऐकल्यावर पापणीचं महत्त्व संपलं. मी तिच्याजवळ खाटेवर बसले.

“ओ बाई,” गुंडाप्पा दारातून म्हणाला, “हात लावू नगा. नेमाला बसवलीया तिला.”

“नेम मोडत नाही. डोळा बघते फक्त.”

“डोळं बगून काय करनार? चष्मा लावनार भुताला?”

बोळात कुणीतरी हसलं. पोलिसांचं नाव काढायचं माझ्या मनात आलं होतं. काढलं असतं तर दार माझ्यासाठी बंद झालं असतं, आणि पोलीस येईपर्यंत जीप डोंगरावर गेली असती.

“तेजल, डोकं न हलवता वर बघ. छताकडं. बघत राहा.”

तिनं बघितलं. सगळ्यांच्या देखत दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या, शटर उतरावं तशा. बायकांनी पदर तोंडाला लावले.

“सदाशिवभाऊ, हा आजार आहे,” मी म्हटलं. “मायस्थेनिया म्हणतात. स्नायू वापरले की थकतात आणि विश्रांती घेतली की थोडे सुधारतात. म्हणून सकाळी बरी. म्हणून पहिलं गाणं चांगलं आणि शेवटचं... हे बघा, मी दाखवते.”

बर्फाचा नॅपकिन मी तिच्या डाव्या पापणीवर ठेवला. थंडीनं हा स्नायू थोडा वेळ ताळ्यावर येतो. माझी बोटं बधिर झाली तरी मी तो धरून ठेवला, मग काढला.

डोळा उघडला. पूर्ण उघडला. तेजल दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं सरळ बघत होती.

“उघडला गं बाई!” कलावती आत्या ओरडल्या.

मी सदाशिवरावांकडं वळले. मला वाटलं होतं आता पुढचं सोपं आहे.

“गारव्यानं पळालं,” गुंडाप्पा म्हणाला. “म्हंजी आगीचंच हाय.”

सगळ्यांच्या माना एकदम हलल्या. मी सांगायला लागले, “नाही, ऐका, थंडीमुळे...” तोच मागून कुणीतरी किंचाळलं, कारण पापणी पुन्हा खाली यायला लागली होती. बर्फाचा परिणाम तेवढाच टिकतो, हे मी आधी सांगायला हवं होतं.

“आलं! परत आलं!”

“बगितलं? बाईनं डिवचलं त्येला,” गुंडाप्पा म्हणाला. “आता चिडून आलंय. उचला पोरीला. येळ दवडू नगा.”

मी धैर्यशीलकडं बघितलं. त्याचा फोन वर होता. तो शूटिंग करत होता.

“मॅडम, हे जबरदस्त आहे,” तो हळूच म्हणाला. “एकदा परत करता?”

दोन बायकांनी तेजलला दंडाला धरून उठवलं. तिचे गुडघे वाकले. ती काहीतरी म्हणाली, पण ते नाकात अडकलं, आणि त्या आवाजानंच बायका आणखी घाबरल्या. गुंडाप्पानं घोंगडं आणायला सांगितलं. त्या माणसांना पटेल असं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. मी बघितलेलं त्यांनीही बघितलं होतं.

तेजलच्या खांद्यांकडं माझं लक्ष गेलं. प्रत्येक श्वासाला ते वर उचलले जात होते.

“सदाशिवभाऊ,” मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. “क्लॅरोनेटवर एका दमात सूर किती वेळ धरता तुम्ही?”

“ही काय इचारायची येळ हाय, म्याडम?”

“सांगा.”

“धरतो की. वरात चौक वलांडस्तवर.”

“आणि तेजल?”

त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. “माझ्यापरीस जास्त. ल्हान असताना पैज लावायची माझ्यासंगं. मला हरवून मग खाऊ मागायची.”

“तिला आता सा लावायला सांगा. एकदाच. माझं काही ऐकू नका. तिचं ऐका.”

“सदाप्पा, टाईम चाललाय,” गुंडाप्पा म्हणाला.

सदाशिवराव मुलीसमोर उकिडवे बसले. त्यांनी गुणगुणल्यासारखा सा लावला. “लाव, बाळ. माझ्यासंगं.”

तेजलनं श्वास घेतला. खांदे कानांपर्यंत गेले. सूर आला तो बरोबर ‘सा’वर आला, अगदी नेमका, आणि लगेच तुटला. तिनं पुन्हा श्वास ओढला. पुन्हा तुटला. सदाशिवरावांचा सूर मात्र तिच्या सुरानंतरही चालूच राहिला. त्यांनाच ते ऐकवेना तेव्हा तो थांबला.

त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला. “श्वास घे.”

मग आणखी एकदा, “घे.”

“काय झालं?” आत्यांनी विचारलं.

“दम पोटात जातच न्हाय,” ते म्हणाले. उठून उभे राहिले. गुंडाप्पाला उद्देशून, पण स्वतःशीच बोलावं तसे म्हणाले, “भूत शिरलं तर आवाज बदलंल. समजलं मला. पर सूर तिचाच हाय की. जागच्या जागी हाय. दमच संपलाय पोरीचा.”

“सदाप्पा, नेमाची पोरगी अशी भलतीकडं नेलीस तर हातची जाईल. मग माझ्याकडं येऊ नगंस.”

सदाशिवरावांना भीती वाटत होती हे दिसत होतं, आणि ती गुंडाप्पाचीच होती. त्यांनी वाकून तेजलला उचललं, लहान मुलीला घ्यावं तसं.

“मिरजंला किती येळ लागंल, म्याडम?”

“आत्ता निघालो तर पोचू.”

जीपवाल्यानं मान फिरवली. तो गुंडाप्पाचा माणूस होता. सदाशिवराव धैर्यशीलसमोर येऊन उभे राहिले. त्याचा फोन अजून हातात होता.

“सर, तुमीच म्हनलासा पोरीत काय तरी हाय. चला आता. सगळं बगू या.”

धैर्यशीलनं फोन खिशात घातला. गाडीची किल्ली त्याला दुसऱ्या खिशात सापडेना, मग सापडली.

मागच्या सीटवर एका बाजूला वडील, एका बाजूला मी, मध्ये तेजल. तिला आडवं होऊ द्यायचं नव्हतं. लाळ गिळता येत नव्हती, ती मी टॉवेलनं टिपत होते. धैर्यशील नीट गाडी चालवत होता, पण डोळे सारखे आरशाकडं जात होते.

“रस्त्याकडं बघा,” मी म्हटलं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, “तेजल, तो डोळा... का झाकायचीस?”

“तिला बोलायला लावू नका.”

पण तिला सांगायचं होतं. एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली, “माईक... दोन दिसायचे. झाकला की... एक.”

“आणि हात? गालाला?”

“जबडा,” ती म्हणाली. “पडायचा.”

“मग सांगायचं न्हाय का कुणाला?” वडील म्हणाले. “मला तरी?”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. “सांगितलं असतं तर... सीझन... गेला असता. मुलींचे... कपडे शिवले होते.”

यानंतर ती बोलली नाही. शिरढोण मागं पडल्यावर तिचा श्वास आणखी उथळ झाला. सदाशिवराव तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला त्यांची स्वतःची मान किंचित हलत होती, ताल देताना हलते तशी. धैर्यशीलनं कुणी न सांगता हेडलाइट लावले, हॉर्न दाबून धरला आणि समोरचा उसाचा ट्रॅक्टर ओलांडला.

मिरजेच्या इस्पितळात तिला आत घेतलं तेव्हा ओठ निळसर व्हायला लागले होते. पडद्यामागं पळापळ झाली. कुणीतरी नळी मागितली, कुणीतरी मशीन ओढत नेलं. सदाशिवराव पडद्याला टेकून उभे राहिले. तिथून हला म्हणून दोनदा सांगितलं तरी ते हलले नाहीत. मग आतून एकसारखा, ठरावीक अंतरानं येणारा फुसफुसाट ऐकू यायला लागला. तो जरा वेळ ऐकून ते खाली बाकावर बसले.

डॉक्टर बाई तरुण होत्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळ घामानं भिजलं होतं. “वेळेवर आणलंत. श्वासाचं आता मशीन बघेल. काही दिवस ठेवावं लागेल, पण यातून ती बरी होऊ शकते. वडील कोण?”

“मी.”

“हे कधीपासून सुरू झालं? काय आधी झालं, काय नंतर, किती वेगानं वाढलं, ते मला नीट हवंय.”

“चार-आठ दिस झालं असतील, म्याडम.”

“नाही, एवढ्यात एवढं होत नाही. आठवून सांगा.”

सदाशिवरावांना आठवेना. मला तर माहीतच नव्हतं. मी धैर्यशीलकडं बघितलं. तो भिंतीजवळ उभा होता. त्यानं बराच वेळ फोन काढला नाही. मग काढला आणि डॉक्टरांजवळ गेला.

“माझ्याकडं सगळे कार्यक्रम आहेत,” तो म्हणाला. “तारखेनुसार.”

“अरे वा. दाखवा.”

“हा कोजागिरीचा. शेवटच्या गाण्यात इथं दुसऱ्या कुणाचा तरी...” तो थांबला. चष्मा काढून शर्टानं पुसला, पुन्हा घातला. “इथं आवाज नाकात जातो.”

“बरं. त्याच्या आधी?”

“नवरात्र. पाचवी माळ. इथं ती जबडा धरते. हसताना ओठ... ओठांचे कोपरे वर जात नाहीत नीट.”

डॉक्टर लिहून घेत होत्या. “छान. आधी?”

“गणपती. इथं पापणी पडते. डावी. शेवटच्या दोन गाण्यांत.”

“याच्याही आधीचा आहे का एखादा?”

“चैत्रातल्या जत्रेतला आहे.”

“त्यात काय दिसतंय?”

धैर्यशीलनं तो लावला आणि अर्ध्यात न थांबवता शेवटपर्यंत बघितला. कॉरिडॉरमध्ये तेजलचा आवाज बारीक, स्वच्छ ऐकू येत होता. सदाशिवराव बाकावरून उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या.

“काय आहे त्यात?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

“काही नाही,” धैर्यशील म्हणाला. “त्यात ती नुसती गातेय.”